बँडशेजारचा कॅमेरा

आमच्या अंबरनाथच्या दोन खोल्यांत कुठल्याही वस्तूला गुपचूप बिघडायची सोय नव्हती. अण्णांचे कान असायचे ना. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि यंत्राला काय होतंय हे ते डोळ्यांनी बघायच्या आधी कानांनी ओळखायचे. जेवताना भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन सुरू झालं की घास हातात धरून थांबायचे, मान डावीकडे जराशी कलती करायचे आणि म्हणायचे, "कुसुम, काकूंना सांग, शटलमध्ये दोरा अडकलाय." मी जाऊन सांगायचे. काकू आधी चिडायच्या, मग शटल काढून बघायच्या आणि मग जास्तच चिडायच्या. जात्याचा खुंटा, विहिरीचा रहाट, पोस्टमनची सायकल, कुणालाच त्यांच्यासमोर तब्येत लपवता येत नसे. आई तव्यावर तांदळाची भाकरी उलटता उलटता म्हणायची, "जगातला सगळा खडखडाट यांना ऐकू येतो, फक्त माझंच ऐकू येत नाही." यावरही अण्णा काही बोलायचे नाहीत, म्हणजे आईचं म्हणणं खरंच असावं.

या कानांची कीर्ती ऐकूनच साईं आमच्याकडे आले. सिंधी लोक एकमेकांना साईं म्हणतात, म्हणून तेही साईं; त्यांचं खरं नाव मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं, आणि कळून काही फरक पडला नाही. उल्हासनगरला आम्ही तेव्हा कॅम्पच म्हणायचो. तिथल्या चार नंबरात लष्कराच्या जुन्या बराकीत त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला होता. फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरहून येताना लोकांनी दागिने आणले, भांडी आणली, साईंनी रंगवलेला पडदा आणला. त्यावर तळं आणि दोन राजहंस होते, पण प्रवासात घडी पडून एका हंसाची मान गेलेली होती. त्यामुळे गिऱ्हाइकाला नेहमी त्या बाजूला बसवायचे. तर हे साईं एके रविवारी पिशवीतून एक काळा जडशीळ डबा घेऊन आले. लष्कराच्या मोडीत त्यांना गोणपाटात बांधलेले तीन सिनेमाचे कॅमेरे मिळाले होते. घड्याळासारखी चावी भरायची, की अर्धं मिनिट चालायचे. त्यातल्या एकाची चावीच हरवलेली होती. अण्णांनी तो डबा दोन दिवस ठेवून घेतला, पितळेच्या तुकड्यातून चावी कातून काढली आणि साईंच्या देखत भरून दिली. आधी रिकामा चालवला, मग साईंनी खराब झालेली फिल्म घातली तेव्हा पुन्हा चालवला. दोन्ही वेळा मान डावीकडे. "फिल्म आत गेली की आवाज अंग धरतो," असं काहीतरी म्हणाले. मी पोळ्या लाटत होते, माझं लक्ष नव्हतं.

साईंचं मात्र माझ्याकडे लक्ष गेलं होतं. त्यांना लग्नांत बायकांच्या बाजूला उभी राहील अशी एक मुलगी हवी होती, कारण कॅमेरा घेऊन पुरुष आत शिरला की म्हाताऱ्या चपला उचलायच्या. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि टायपिंगच्या क्लासला जाऊ का कशाला जाऊ, यावर घरात रोज चर्चा होऊन रोज काहीच ठरत नव्हतं. आईने सिनेमा हा शब्द ऐकल्याबरोबर पदर खोचला. साईं हात जोडून म्हणाले, "माताजी, कॅमेरा के आगे जो जाती है, उसका लोग नाम लेते हैं. पीछेवाली को कौन देखता है?" आईला हे पटलं. पुढे माझं सगळं आयुष्य कॅमेऱ्यामागे गेलं आणि साईंचं म्हणणं किती खरं होतं हे मला पगारवाढीच्या प्रत्येक वेळी कळत गेलं.

शिकवायला मात्र साईंसारखा माणूस नाही. एक कॅमेरा चालवणं कुणालाही येतं, ते म्हणायचे, तीन कॅमेऱ्यांतला एक चालवणं हे खरं काम. कारण लग्न एकदाच लागतं, वरमाला परत घालायला सांगता येत नाही. म्हणून तिघांनी एकदम चालवायचं आणि तिघांनी आपापली हद्द सांभाळायची. साईं मधोमध एक नंबरवर, त्यांचा मेहुणा गोप उजवीकडे दोन नंबरवर आणि मी डावीकडे तीन नंबरवर. आपल्या चौकटीतून माणूस निघून गेला तर त्याच्यामागे धावायचं नाही, तो आता शेजाऱ्याचा. दुसऱ्याचा कॅमेरा आपल्या चौकटीत येऊ द्यायचा नाही. उजवा डोळा काचेला, डावा उघडा, आणि त्या डाव्या डोळ्याने साईंचा रुमाल बघायचा. रुमाल खांद्यावर आला म्हणजे ते चावी भरणार, तेव्हा बाकीच्या दोघांनी थांबायचं नाही. तिघांची चावी एकदम संपली तर तेवढ्यात नेमका नवरा बोहल्यावरून पडेल, अशी त्यांना खात्री होती. गुडघे सैल, श्वास धरलेला, आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे चावी भरली की ती संपेपर्यंत हात हलवायचा नाही, समोर आग लागली तरी. बराकींमधल्या गल्लीत आम्ही या सगळ्याचा सराव करायचो. डोक्यावर टोपली घेतलेला एक पापडवाला रोज दुपारी यायचा. त्याला तीन बाजूंनी तीन कॅमेरे लागायचे. पहिल्या दिवशी तो टोपली टाकून पळाला. आठवड्याभरात मिशा पिळून यायला लागला.

महिनाभराने, मला दोन्ही डोळे वेगवेगळे वापरता यायला लागल्यावर, साईंनी मला समोर बसवलं, भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला दिला आणि सांगितलं की तीन नंबरच्या कॅमेऱ्यात फिल्म नसते.

मला आधी वाटलं, त्या दिवशी नव्हती. तर नाही, कधीच नसते. फिल्म परदेशी, मिळता मिळत नाही, दोन कॅमेऱ्यांना पुरेल एवढीच आणतात. पण लोकांना तीन कॅमेऱ्यांचं लग्न हवं असतं, कारण शेजारच्या बराकीत दोन कॅमेऱ्यांचं झालेलं असतं. शिवाय प्रत्येक लग्नात नवऱ्याचे काका असतात, आत्याचे यजमान असतात, मागच्या खेपेला फोटोत न आलेले कुणीतरी फुगून बसलेले असतात. ही सगळी मंडळी खऱ्या कॅमेऱ्यांसमोर येऊन उभी राहिली तर नवरानवरी दिसणार कुठून? म्हणून त्यांच्यासाठी तीन नंबर. "बेटी, तेरा काम सबसे मुश्किल है," साईं म्हणाले. "हमारे पास तो फिल्म है." एक खबरदारी मात्र होती. फिल्म असलेला कॅमेरा चालताना करकरतो, रिकामा नुसता भिरभिरतो. जाणकाराने ऐकलं तर फजिती. म्हणून तीन नंबरची जागा ठरलेली असायची, बँडच्या शेजारी.

मला रडू आलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पापड छान होता, आणि दुसऱ्या दिवशी लग्न होतं. मी गेले. पुढचं वर्षभर मी कॅम्पातल्या यच्चयावत काकांचं आणि आत्यांचं चित्रीकरण केलं. माणूस कॅमेऱ्यासमोर आला की काय होतो याचं माझ्याइतकं फुकट शिक्षण कुणाला मिळालं नसेल. पोट आत जायचं, पान गिळलं जायचं, वीस वर्षं न बोललेले भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे. फिल्म बघताना कुणी विचारलंच, की मी कुठाय, तर साईं गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "साईं, धुलाई में चला गया." धुलाईत म्हणजे फिल्म धुताना मुंबईला. धुलाईत किती काका गेले याची गणती नाही. आता माझा नातू फोनवर दिवसाला शंभर चित्रफिती काढतो आणि एकही पुन्हा बघत नाही. त्याला वाटतं त्याने काहीतरी नवीन शोधून काढलंय.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आईने चाळीत सांगून ठेवलं होतं की कुसुम सिनेमा काढते, आणि अण्णा माझ्या डब्यात सुकटीची चटणी जास्त घालायला सांगायचे, कारण मशीन चालवणाऱ्याला भूक लागते. त्यांच्या दृष्टीने मीही आता मशीनवरची माणूस होते. ती चटणी घशाखाली उतरताना मला नेहमी थोडी टोचायची.

अशात अण्णांच्या कारखान्याने यंत्रांचं नवीन खातं उघडायचं काढलं. मुंबईहून मोठे पाहुणे येणार म्हणून मांडव, बँड, आणि साहेबांच्या हौसेखातर तीन कॅमेऱ्यांची फिल्म. काम साईंकडे आलं. त्याच समारंभात अण्णांचा सत्कार होणार होता. मधल्या काळात कारखान्यातलं मोठं मशीन बिघडलं होतं आणि ते दुरुस्त करायला परदेशातून माणूस बोलवायचं चाललं होतं. अण्णा चहाच्या सुट्टीत त्याच्याजवळ उकिडवे बसले, मान डावीकडे केली आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगितलं. बढती वरच्या ऑफिसरला मिळाली, हे रीतसरच झालं. अण्णांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं. छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत सतरावा विषय होता, 'कामगार गौरव', आणि पुढे कंसात, 'वेळ उरल्यास'. ज्याला घड्याळ द्यायचं त्यालाच वेळ उरल्यास, हे छापताना कुणाच्या लक्षात आलं नाही. अण्णांनी ती पत्रिका देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली. चार दिवस आधी पांढरा सदरा नीळ घालून धुतला, स्वतः. आईला हात लावू दिला नाही. अण्णांना स्वतःचं असं काही हवंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मी साईंकडे गेले. म्हटलं, "साईं, त्या दिवशी तीन नंबरात फिल्म घाला. सगळी नको. एक चावीभर."

"अच्छा, पिताजी?" साईं विचारात पडले. त्यांचा जीव चांगला होता आणि फिल्म थोडी होती, या दोन गोष्टींची त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ झटापट चालली. शेवटी म्हणाले, "फिल्म दो की ही है, बेटी. लेकिन गोप लेगा. घड्याळ हाथ में आया, गोप का कॅमेरा चालू. मेरी जबान है."

गोपला मी स्वतंत्रपणे बजावलं. त्याने छातीवर हात ठेवला. तो खऱ्या बोलीचा माणूस होता, हे आजही सांगते.

समारंभाच्या दिवशी जागा ठरल्याप्रमाणे लागल्या. साईं मधे, गोप उजवीकडे, मी डावीकडे बँडच्या तुताऱ्यांखाली. मांडवात खुर्च्या हुद्द्याप्रमाणे होत्या. गादीची, वेताची, लाकडी आणि मग सतरंजी. हार घालायला तासभर लागला, कारण हार घालणाऱ्यालाही हार घालायचा होता. बारा भाषणं झाली. बाराही जणांनी सांगितलं की पाहुण्यांचा वेळ मोलाचा आहे. माझ्याकडे कायमची गिऱ्हाइकं लागलीच, स्टोअरचे हेडक्लार्क तीनदा येऊन उभे राहिले, एकदा उजव्या बाजूने, एकदा डाव्या आणि एकदा विचारमग्न. आई सतरंजीवर पहिल्या ओळीत बसली होती आणि शेजारणींना बोटाने दाखवत होती, ती माझी कुसुम, आणि ते आमचे.

सोळाव्या विषयानंतर साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मला वाटलं, गेलं सगळं. पण लेबर ऑफिसर भला माणूस होता, त्याने घाईघाईने अण्णांचं नाव पुकारलं. अण्णा उठले आणि गोपच्या चौकटीकडे चालू लागले, तेवढ्यात पाहुण्यांसाठी शहाळं आलं. साहेबांनी गोपच्या खांद्याला हात लावून त्याला वळवला. "इकडे, इकडे. पाहुण्यांचं घ्या." गोपने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि वळला. साईंचा रुमाल खांद्यावर गेला होता, ते चावी भरत होते. आणि साहेबांनी दुसरा हात हलवून बँडलाही चहाला पाठवलं, पाहुण्यांना त्रास नको म्हणून.

मांडव एकदम शांत झाला. लेबर ऑफिसरने स्वतःच अण्णांच्या हातात घड्याळ ठेवलं आणि तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही घ्या ना यांचं." आणि अण्णांना घड्याळासकट मांडवाच्या कडेला, उन्हात, माझ्यासमोर आणून उभं केलं.

कॅमेरा खाली ठेवायचा आणि सांगून टाकायचं, हे माझ्या मनात आलं. पण सांगितलं असतं तर साईंचा धंदा तिथेच बसला असता, आणि अण्णांना एवढ्या लोकांत कळलं असतं की त्यांच्या वाट्याला रिकामा डबा आलाय. त्यांनीच कातलेली चावी मी भरली आणि कळ दाबली. कॅमेरा भिरभिरायला लागला. इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अण्णा दोन्ही हातांत घड्याळ धरून सरळ उभे होते, निळीचा सदरा उन्हात चमकत होता. मग त्यांची मान जराशी डावीकडे झाली. क्षणभरच. पुन्हा सरळ केली, हनुवटी वर घेतली आणि थेट काचेत बघू लागले. मी स्वतःला सांगितलं की मान अवघडली असेल. गुडघे सैल ठेवले, श्वास धरला, चौकट केसाएवढी हलू दिली नाही. आयुष्यभर मी नंतर जे काम केलं त्यात इतका स्थिर शॉट दुसरा नाही. चावी संपेपर्यंत ते उभे होते, मीही होते. मग लेबर ऑफिसरने टाळ्या वाजवल्या आणि अण्णा सतरंजीवर जाऊन बसले.

फिल्म धुऊन आल्यावर एका रविवारी दुपारी कॅन्टीनच्या खिडक्यांना गोणपाटं लावून ती दाखवली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. पडद्यावर पाहुणे आले, हार झाले, ओठ हलणारी बारा भाषणं झाली आणि मग शहाळं आलं. पाहुणे शहाळं पीत होते. गोपने अख्खी चावी त्यावर घातली होती. पाणी हनुवटीवरून ओघळून कोटात जाताना सतरंजीवरून हसू फुटलं, आणि गादीच्या खुर्चीवरून कुणीतरी खाकरलं. मग साईंच्या कॅमेऱ्यातला एक तुकडा आला, चावी भरून झाल्यावरचा, शेवटचाच. त्यात कोपऱ्यात एक पांढरी बाही आणि घड्याळाचा अर्धा गोल होता. आणि चौकटीच्या मधोमध, जिथे दुसरा कॅमेरा कधीच येऊ द्यायचा नाही असं साईंनी मला शंभर वेळा बजावलं होतं, तिथे मी होते. वेणी पुढे आलेली, गुडघे सैल, एक डोळा काचेला आणि एक उघडा. साहेब म्हणाले, "त्या मुलीला कशाला घेतलंय?" पुढे 'समाप्त'ची पाटी आली आणि दिवे लागले.

"तुमचं कुठाय?" आईने विचारलं. "कुसुमने काढलेलं कुठाय?"

"धुलाईत गेलं असेल," अण्णा म्हणाले. "जातं एखादं." तो शब्द त्यांना कुठून मिळाला, माहीत नाही. साईंना सगळे ओळखत होते.

घरी जाताना आई शेजारणींबरोबर पुढे गेली आणि अण्णा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत राहिले. त्या दिवशी ऊन फार होतं. रेल्वेच्या फाटकापाशी मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, माझ्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. कधीच नसते."

"ऐकलं मी," अण्णा म्हणाले.

"कधी?"

"बँड थांबला तेव्हा. फिल्म असली की चाकावर भार येतो. तुझं चाक मोकळं फिरत होतं."

मला वर बघवेना. मी एवढंच विचारलं, की मग तेव्हाच का नाही निघून गेलात, इतका वेळ कशाला उभे राहिलात तिथे, एवढ्या उन्हात.

"असं कसं जाणार?" अण्णा म्हणाले. "तुझी चावी संपायची होती ना."

मग ते थांबले, सायकलचं मागचं चाक उचलून हाताने एकदा फिरवून बघितलं आणि म्हणाले की घरी गेल्यावर तेल घालायला हवं.